मौन आणि मैदान

प्राथमिक शाळेच्या वर्षभरात दोन गोष्टी हटकून होतात. एक, मुलांना रांगेत उभे करून देशासाठी मेलेल्यांकरिता मौन पाळायला लावले जाते. दुसरी, त्याच मुलांचे दोन संघ करून त्यांना एकमेकांविरुद्ध खेळवले जाते. ३० जानेवारीला सकाळी ११ वाजता दोन मिनिटे सगळी शाळा स्तब्ध असते. २६ जुलैला कारगिलच्या शहिदांची आठवण होते. आणि हिवाळा आला की खो-खो, कबड्डी, लंगडीच्या केंद्रस्तरीय स्पर्धांची धांदल उडते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे असे सहसा कोणाला वाटत नाही. मौन हा परिपाठाचा भाग, खेळ हा मैदानाचा. पण आम्ही चौथी-पाचवीला शिकवतो आणि आम्हांला वाटते की या दोन गोष्टी एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत. 'आपण' कोण आणि 'ते' कोण, हे मूल प्रथम या दोन जागी शिकते. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला हे कसे शिकवावे, हा प्रश्न साधा नाही.

ज्या देशात या दोन गोष्टी उघडपणे एकत्र आणल्या गेल्या, त्या देशाकडे आधी पाहू. ऑस्ट्रेलियात २५ एप्रिल हा 'अँझॅक दिन' म्हणून पाळतात. १९१५ साली याच तारखेला ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचे सैनिक तुर्कस्थानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले. या दिवसाच्या सुमारास तेथील प्राथमिक शाळांत समारंभ होतात. मुले छातीवर रोझमेरीची डहाळी लावतात, बिगुलावर अखेरच्या सलामीची धून वाजते, मिनिटभर शांतता पाळली जाते. त्याच दिवशी मेलबर्नच्या प्रचंड मैदानावर कॉलिंगवूड आणि एसेंडन या दोन संघांत ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा सामना खेळण्याची परंपरा १९९५ पासून आहे. सामन्यापूर्वी हजारो प्रेक्षक निःशब्द उभे राहतात. ज्याच्या खेळात धैर्य, त्याग आणि संघभावना दिसली अशा खेळाडूला पदक दिले जाते. लहान मुलांचे क्लबही त्या आठवड्यात खेळाआधी मौन पाळतात. म्हणजे सात-आठ वर्षांचे मूल एका हातात चेंडू धरून शंभर वर्षांपूर्वीच्या मृतांसाठी मान खाली घालते.

हे दृश्य हृद्य आहे यात शंका नाही. पण येथेच थांबून विचारावेसे वाटते की, खेळाडूचे धैर्य आणि सैनिकाचे धैर्य यांना एकच शब्द वापरला की मुलाच्या मनात काय घडते? युद्ध हा एक मोठा सामना आहे असे त्याला वाटते, की सामना हे एक छोटे युद्ध आहे असे? जॉर्ज ऑर्वेलने १९४५ साली लिहिलेल्या एका निबंधात राष्ट्राराष्ट्रांतील चुरशीच्या खेळाला जवळजवळ युद्धाच्याच पंक्तीत बसवले होते. त्याचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मात्र त्याने प्रौढांचा खेळ पाहिला होता. मुलांच्या खेळात आणखी एक गोष्ट असते, तिच्याकडे आम्ही पुढे येऊ.

पहिल्या महायुद्धात चेंडूने तिन्ही प्रकारची कामे केली. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी ब्रिटिश आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर आले, एकमेकांना भेटले, मृतांना पुरले आणि कोठे कोठे चेंडूही लाथाडला गेला. येथे चेंडूने बंदूक खाली ठेवायला लावली. १ जुलै १९१६ रोजी सॉमच्या लढाईच्या पहिल्या दिवशी कॅप्टन नेव्हिल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने आपल्या जवानांना फुटबॉल दिले. ते पुढे लाथाडत त्यांनी शत्रूच्या खंदकांवर चाल करायची होती. नेव्हिल त्याच दिवशी मारला गेला. त्या एका दिवसात ब्रिटिश फौजेचे १९,२४० जण मेले. येथे चेंडूने पोरसवदा माणसांना मरणाकडे नेले. आणि १७ डिसेंबर १९१५ रोजी गॅलिपोलीतील 'शेल ग्रीन' नावाच्या सपाटीवर ऑस्ट्रेलियन सैनिकांनी क्रिकेट खेळले. डोक्यावरून तोफगोळे जात होते. फौज गुपचूप माघार घेण्याच्या तयारीत होती आणि सर्व काही नेहमीसारखे चालले आहे असे तुर्कांना भासवायचे होते. येथे खेळ हा युद्धातला डाव होता.

तात्पर्य, खेळ आपोआप मुलांना सज्जन बनवत नाही. तो ज्याच्या हातात असेल त्याच्यासारखा होतो. मौनाचेही तसेच आहे. मौन दुःखाचे असू शकते, हुकमाचे असू शकते आणि सूडाच्या तयारीचेही असू शकते. बाहेरून तिन्ही सारखीच दिसतात.

गॅलिपोलीची गोष्ट आपल्याला परकी नाही. समोर जे मेले ते तुर्क होते, आणि ज्यांच्या खलिफासाठी पुढे हिंदुस्थानातल्या मुसलमानांनी चळवळ केली तेच ते तुर्क. ऑस्ट्रेलियाचे ८,००० हून अधिक जवान तेथे मेले. तुर्कांच्या बाजूचे ८०,००० हून अधिक. इंग्रजांच्या बाजूने तेथे हिंदी सैनिकही होते. पाणी आणि दारूगोळा वाहणाऱ्या खेचरांच्या तुकड्यांत पंजाबी मुसलमान होते. इराकच्या आघाडीवर तर आपल्या मुलखातील मराठा पलटणी तुर्कांशी लढल्या आणि त्या पलटणींत तेव्हा दख्खनी मुसलमानांच्याही तुकड्या असत. २९ एप्रिल १९१६ रोजी कूत येथे जी उपाशी फौज तुर्कांना शरण गेली तिच्यात मराठा पलटणीही होत्या. महाराष्ट्रातील कितीतरी गावांत चावडीवर किंवा शाळेजवळ एक जुनी संगमरवरी पाटी आढळते. या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढेच तिच्यावर लिहिलेले असते. पाटीवर आकडा असतो, नावे नसतात. त्या आकड्यात कोण मराठा, कोण महार, कोण मुसलमान हे पाटी सांगत नाही. तो मुसलमान ज्या तुर्कावर गोळी झाडत होता त्याचे आणि आपले कलमे एकच आहेत, हे त्याला ठाऊक होते. तो कोणाच्या बाजूचा होता? त्याच्यासाठी मौन कोणी पाळायचे?

हाच प्रश्न आज मेलबर्नच्या एखाद्या शाळेत तुर्की वंशाच्या मुलापुढे असतो. पणजोबा खंदकाच्या पलीकडे होते आणि पणतू अलीकडे रांगेत उभा आहे. बाईंनी शांत उभे राहायला सांगितले आहे. त्याने कोणासाठी उभे राहायचे? तेथील समाजाने या प्रश्नाला दिलेले उत्तर निदान अर्धे तरी चांगले आहे. १९८५ साली तुर्कस्थानने त्या किनाऱ्याला 'अँझॅक'चे नाव अधिकृतपणे दिले आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाने कॅनबेरात, आपल्या युद्धस्मारकांच्या रस्त्यावर, केमाल अतातुर्कचे स्मारक उभारले. ज्या सेनानीने आपली पोरे मारली त्याचे स्मारक आपल्या राजधानीत! हे सोपे नव्हे. तुर्की वंशाच्या मुलाला तेथे आता मान खाली घालताना दोन मने करावी लागत नाहीत. ते मौन त्याच्या पणजोबांनाही पुरते.

आता आपल्या शाळेकडे येऊ. उर्दू माध्यमाच्या शाळेत १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी किती उत्साहाने साजरे होतात हे वाचकांना सांगायला नको. भाषणांच्या तयारीत एक नाव कधीच चुकत नाही, हवालदार अब्दुल हमीद यांचे. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याच्या धामूपूर गावचा हा शिंप्याचा मुलगा १० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरणच्या आघाडीवर जीपवरच्या तोफेने पाकिस्तानी रणगाडे फोडता फोडता शहीद झाला. त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्याची आठवण मुलांना असलीच पाहिजे. पण आपण ती कशासाठी काढतो? नीट पाहिले तर आपण त्या माणसाची आठवण काढत नसतो, त्याचा दाखला जोडत असतो. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, तसा हा निष्ठेचा दाखला. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाममध्ये २६ निरपराध माणसे मारली गेली. त्यांत सहा जण महाराष्ट्रातले होते. मेलेल्यांत एक स्थानिक घोडेवाला मुसलमानही होता. मोहल्ल्यामोहल्ल्यांत त्या घोडेवाल्याचे नाव किती वेळा उच्चारले गेले! उच्चारणे स्वाभाविक होते, कारण विचारणारे डोळे चहूबाजूंना होते. तरीही मनाशी म्हणावेसे वाटते की, मेलेल्या माणसाला आपल्या बचावासाठी साक्षीदार म्हणून उभे करणे हे स्मरण नव्हे. बाकीचे पंचवीस आपले नव्हते काय? मूल जर फक्त स्वतःच्या समाजाचा शहीद ओळखू लागले, तर दाखला मागणाऱ्याचे म्हणणेच त्याने मान्य केले असे होते.

मैदानावर हे आणखी उघडे पडते. केंद्रस्तरीय खो-खोच्या सामन्यात उर्दू शाळेचा संघ उतरला आणि समोर मराठी शाळेचा संघ असला, की कडेच्या घोळक्यातून कधीकधी त्या शेजारच्या देशाचे नाव ऐकू येते. ओरडणारा बहुधा मोठा, मिसरूड फुटलेला असतो. लहानग्यांना त्याचा अर्थही कळत नाही. पण आमची मुले मागे वळून आमच्याकडे पाहतात, कारण हा शब्द त्यांनी घरच्या टीव्हीवर ऐकलेला असतो आणि तो आपल्याला का लावला हे त्यांना समजून घ्यायचे असते. एकदा समोरच्या शाळेच्या बाईंनी हे ऐकले, खेळ थांबवला, त्या मोठ्या मुलाला मैदानाबाहेर नेऊन बसवले आणि मग काही न बोलता शिट्टी वाजवली. दोन्ही शाळांची मुले पुन्हा पाठलागाला लागली. त्या शिट्टीने जे शिकवले ते शंभर भाषणांनी शिकवले नसते. न्याय्य वागायचे तर आपल्या मोहल्ल्यातही सर्व आलबेल नाही. गल्लीतल्या टेनिस बॉलच्या क्रिकेटमध्ये हरलेल्या बाजूला दिल्या जाणाऱ्या शिव्यांत कोणाची जात आणि कोणाचा धर्म येतो हे आपण सगळे जाणतो.

१४ सप्टेंबर २०२५ रोजी दुबईत भारत आणि पाकिस्तान यांच्यात आशिया चषकाचा सामना झाला. पहलगामचे हत्याकांड आणि मे महिन्यातली लष्करी कारवाई ताजी होती. सामन्यानंतर भारतीय खेळाडूंनी हस्तांदोलन केले नाही आणि कर्णधाराने विजय सैन्यदलांना अर्पण केला. मोठ्यांचे निर्णय मोठ्यांच्या कारणांनी होतात. त्यांचा न्याय करण्याचे हे ठिकाण नव्हे. पण दुसऱ्या दिवशी, सोमवारी, मधल्या सुट्टीत चौथी जमातीच्या मुलांचा खेळ संपला आणि जिंकलेली मुले हात मागे बांधून चालू लागली. दोन्ही बाजूंना अन्वर आणि इम्रानच होते! कोणाचे कोणाशी वैर नव्हते. टीव्हीवर पाहिले आणि केले. आम्ही त्यांना रागावलो नाही. हात का मिळवायचा असतो, एवढेच विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग एक मुलगा म्हणाला, "सर, उद्या खेळायला तेच लागतील ना!"

आमच्या मते त्या मुलाने प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घातला. खेळात प्रतिस्पर्धी हवा असतो. तो आला नाही तर खेळच होत नाही. तो उद्याही यावा, तगडा होऊन यावा, अशी खेळणाऱ्याची आतून इच्छा असते. युद्धात प्रतिस्पर्धी नकोच असतो. तो उरू नये हाच युद्धाचा हेतू. खेळ आणि युद्ध यांतला सारा फरक या एका जागी आहे. वर ज्या गोष्टीकडे येऊ म्हणालो ती हीच. मुलांच्या खेळात ती अजून शाबूत असते. मोठ्यांच्या खेळातून पैसा, झेंडा आणि गर्दी तिला हळूहळू बाहेर काढतात.

आपल्या परंपरेत याचे फार सुंदर उदाहरण आहे. सहीह बुखारीत हदीस आहे की अस्लम कबिल्याचे लोक दोन गट करून तिरंदाजी करीत होते. रसूलुल्लाह (स.) तेथून जाताना थांबले, त्यांनी तिरंदाजीचे कौतुक केले आणि आपण एका गटाच्या बाजूने आहोत असे म्हणाले. दुसऱ्या गटाने लगेच हात आवरले. आपण त्यांच्याकडे असताना आम्ही बाण कसे सोडावेत, अशी त्यांची अडचण होती. तेव्हा हुजूर म्हणाले की सोडा बाण, मी तुम्हा सर्वांबरोबर आहे. शिक्षकाने मैदानाच्या कडेला कसे उभे राहावे, हे यापेक्षा थोडक्यात कोणी सांगितल्याचे आम्हांला माहीत नाही. गट पडू द्यावेत, चुरस होऊ द्यावी, पण आपली माया वाटली जाऊ देऊ नये.

मौनासाठीही तसाच दाखला आहे. एका यहुद्याचा जनाजा जाताना हुजूर उठून उभे राहिले. तो यहुदी आहे असे कोणी निदर्शनास आणले, तेव्हा तोही एक जीवच नव्हता काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. मृतासाठी उभे राहण्याची अट एवढीच, की तो जीव होता.

तिसरा दाखला वयाचा. अब्दुल्ला इब्न उमर (रजि.) चौदा वर्षांचे असताना उहुदच्या लढाईसाठी पुढे आले. त्यांना परत पाठवण्यात आले. पंधराव्या वर्षी, खंदकच्या वेळी, परवानगी मिळाली. समोर शत्रू उभा असताना आणि माणसांची गरज असतानाही मुलाला मूल मानले गेले. आमच्या वर्गातली मुले नऊ-दहा वर्षांची आहेत. जे वय लढाईला अपुरे, ते वैराला पुरेसे कसे ठरते?

यावर एक रास्त आक्षेप येईल. दोन्ही बाजूंच्या मृतांसाठी दुःख करायचे तर हल्ला करणारा आणि घर राखणारा सारखेच झाले काय? अब्दुल हमीद आणि समोरच्या रणगाड्यातला सैनिक एकाच मापाने मोजायचे काय? नाही. कोणी चढाई केली, कोणी अन्याय केला, याचा निवाडा व्हायलाच हवा आणि तो मुलांना समजेल त्या वयात इतिहासाच्या तासाला शिकवायलाही हवा. पण निवाडा हे एक काम आहे आणि शोक हे दुसरे. काझी निकाल देतो म्हणून आईचे रडणे थांबत नाही आणि आई रडते म्हणून निकाल फिरत नाही. परिपाठातले मौन हे शोकाचे ठिकाण आहे. तेथे निवाडा घुसवला की मौनाची घोषणा होते, फक्त आवाज न करता दिलेली.

दुसरा आक्षेप असा की, एवढ्या लहान मुलांना मृतांची आठवण कशी असणार? नसतेच. ज्याला पाहिले नाही त्याची आठवण येत नाही. त्याची कल्पना करावी लागते. म्हणून मौनाआधी काहीतरी सांगितले पाहिजे. एक नाव, एक गाव, वय किती होते, बाप काय काम करीत होता. शिंप्याचा मुलगा म्हटले की आमच्या वर्गातली दोन मुले मान वर करतात, कारण त्यांचेही अब्बा शिवणकाम करतात. त्या क्षणी अब्दुल हमीद हा दाखला राहत नाही, माणूस होतो. आणि एका बाजूचे किती मेले हे सांगताना दुसऱ्या बाजूचे किती हेही सांगावे. संख्या मोजता येणारे मूल दोन्ही बाजूंची बेरीज करू शकते.

मैदानावर करायचे तेही साधेच आहे. संघांना देशांची नावे देऊ नयेत, लढायांची तर मुळीच नाहीत. आंबा आणि फणस ही नावे पुरतात. अधूनमधून खेळाडूंची अदलाबदल करावी, म्हणजे कालचा समोरचा आज आपल्यात येतो. आणि खेळ संपला की हात मिळवल्याशिवाय कोणी मैदान सोडू नये. या गोष्टींना अनुदान लागत नाही, परिपत्रकही लागत नाही.

आपल्या समाजाला हे अवघड वाटण्याचे कारण नाही. आपले वर्षच मोहरमने, एका लढाईच्या स्मरणाने सुरू होते. मोहरमच्या रीतिरिवाजांबद्दल आपल्यात मतभेद आहेत आणि राहतील. पण सबीलबद्दल कोणाची तक्रार ऐकलेली नाही. करबल्यात ज्यांना पाणी नाकारले गेले त्यांच्या नावाने रस्त्यावरच्या कोणालाही पाणी, सरबत पाजायचे. पेला पुढे करणारी बहुधा लहान मुलेच असतात आणि पिणाऱ्याला ती नाव विचारत नाहीत. चौदाशे वर्षांपूर्वीच्या तहानेची आठवण आजच्या तहानलेल्याच्या कामी येते. युद्धाचे स्मरण लहान मुलांच्या हाती द्यायचेच असेल, तर ते असे द्यावे, की त्यांच्या हातून समोरच्याला काहीतरी मिळेल.